पाऊणशे वर्षांची तात्पुरती संस्था

१ मे ही तारीख आपल्याला महाराष्ट्र दिनामुळे पाठ आहे. महाराष्ट्र राज्य झाले १९६० साली. त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, १ मे १९५० रोजी, पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने स्थापन केलेल्या एका संस्थेचे काम सुरू झाले. कागदोपत्री तिचे नाव 'युनायटेड नेशन्स रिलीफ अँड वर्क्स एजन्सी फॉर पॅलेस्टाईन रेफ्युजीज इन द निअर ईस्ट'. वर्तमानपत्रांत ती 'यूएनआरडब्ल्यूए' होते. ज्यांच्यासाठी ती आहे ते लोक मात्र तिला 'अल-वकाला' म्हणतात, म्हणजे नुसते 'एजन्सी'. शाळा वकालाची, दवाखाना वकालाचा, पीठही वकालाचेच. आपल्याकडची जुनी माणसे 'मुनशिपाल्टीची शाळा', 'मुनशिपाल्टीचा दवाखाना' म्हणायची, त्याच घरगुती सुरात. या लेखात मीही तोच शब्द वापरतो.

१ मे २०२५ रोजी वकालाला पाऊणशे वर्षे पूर्ण झाली. ज्या ठरावाने ती जन्मली त्यात लिहिले होते की निर्वासितांना थेट शिधा देणे ३१ डिसेंबर १९५० च्या आत थांबवावे. आठ महिन्यांत आवरायचे काम पंच्याहत्तर वर्षे चालले. राष्ट्रसंघाची आमसभा मुदत वाढवते, ती संपत आली की पुन्हा वाढवते. २०२२ साली वाढवलेली मुदत ३० जून २०२६ पर्यंतची होती. संस्थेला कायमची म्हणावे तर तो निर्वासितांवर अन्याय, कारण त्यांना कायमचे निर्वासित राहायचे नाही. आणि बंद करावे तर उद्या सकाळी शाळेची घंटा कोण वाजवणार? हा पेच संस्थेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. तिचा सारा इतिहास मला या पेचाच्या पोटातच दिसतो.

पुण्यातून निघणाऱ्या स्मरणिकेत हा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. १३ मे २०२४ रोजी रफाहून खान युनिसच्या युरोपियन हॉस्पिटलकडे निघालेल्या, राष्ट्रसंघाचे चिन्ह असलेल्या एका गाडीवर मारा झाला. त्या गाडीत पुण्याचे कर्नल वैभव काळे होते. भारतीय सैन्यातून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती आणि काही आठवड्यांपूर्वीच ते राष्ट्रसंघाच्या सुरक्षा विभागात रुजू झाले होते. वय ४६. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात मारले गेलेले ते राष्ट्रसंघाचे पहिले आंतरराष्ट्रीय कर्मचारी. ते वकालाचे नोकर नव्हते. पण मदतीचे काम करणारी माणसे जिवंत राहावीत, यासाठीच ते तिथे गेले होते. त्यांचे अंत्यसंस्कार पुण्यात झाले. त्या दिवसापर्यंत वकालाचे स्वतःचे पावणेदोनशेहून अधिक कर्मचारी मारले गेले होते. ते शिक्षक होते, परिचारिका होत्या, गोदामातले लोक होते. त्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. काळे यांचे नाव आले आणि गाझा हा शब्द पुण्यातल्या एका घराच्या दारापाशी येऊन थांबला.

आता मुळापासून सांगतो.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. विरोधी १३ मतांत एक भारताचे होते. आपली स्वतःची फाळणी होऊन तेव्हा जेमतेम साडेतीन महिने झाले होते. फाळणी कागदावर कशी दिसते आणि रस्त्यावर कशी दिसते, हे त्या मतदानाच्या वेळी आपल्याइतके ताजे कोणालाच माहीत नसावे. पुढच्या वर्षभरात युद्ध झाले, इस्रायल राज्य अस्तित्वात आले आणि सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी आपली घरे सोडून गाझापट्टी, वेस्ट बँक, जॉर्डन, लेबनॉन आणि सीरियात जाऊन पडले.

त्याच सुमारास आपल्याकडे पिंपरीला आणि कल्याणला सिंधी निर्वासितांच्या छावण्या वसत होत्या. कल्याणच्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. पिंपरीच्या बाजारपेठेला आजही लोक 'पिंपरी कॅम्प' म्हणतात. पण तो नुसता पत्ता आहे, तिथे आज कोणी निर्वासित नाही. सिंधी समाजाने जे गमावले ते परत मिळाले नाही, त्यांच्या कष्टांना तोड नाही. पण त्यांना नागरिकत्व मिळाले, मत मिळाले, दुकानाचा परवाना मिळाला. पॅलेस्टिनी छावणीला उल्हासनगर होता आले नाही. जॉर्डनने बहुतेकांना नागरिकत्व दिले. लेबनॉनमध्ये कित्येक व्यवसायांची दारे त्यांना बंद राहिली आणि गाझातल्या माणसाला तर कुठलेच राज्य आपले म्हणून मिळाले नाही. लोकांना छावणीत वकालाने ठेवले, असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी हा फरक सांगतो. छावणी टिकली कारण तिच्यातून बाहेर पडण्याची वाट कुणी बांधली नाही.

पहिली मदत धावून आली ती धर्मादाय संस्थांची. राष्ट्रसंघाने १९४८ च्या अखेरीस एक मदतनिधी उभारला आणि प्रत्यक्ष वाटपाचे काम तीन संस्थांवर सोपवले. जॉर्डन, लेबनॉन आणि सीरिया रेडक्रॉस संस्थांच्या महासंघाकडे, वेस्ट बँकचा भाग आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे आणि गाझा अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या 'फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी'कडे आले. क्वेकर म्हणजे युद्धात शस्त्र न उचलणारे ख्रिस्ती लोक. त्यांना नुकतेच, १९४७ साली, शांततेचे नोबेल मिळाले होते. गाझात मूळ वस्ती होती सुमारे ऐंशी हजारांची आणि तिच्यावर येऊन आदळले दोन लाखांच्या आसपास निर्वासित. क्वेकरांनी तंबू ठोकले, याद्या केल्या, पीठ आणि दूध वाटले आणि वाळूवर मुले बसवून शाळा सुरू केल्या. वर्षभरातच त्यांनी राष्ट्रसंघाला कळवले की आम्हाला मोकळे करा. राजकीय तोडगा न काढता नुसता शिधा वाटत राहिले तर माणसे आतून खचतील. १९५० च्या वसंतात त्यांनी याद्या, गोदामे आणि शाळा वकालाच्या हाती दिल्या. पुढे पाऊणशे वर्षे ज्या प्रश्नावर परिषदा भरल्या, तो क्वेकरांनी पहिल्याच वर्षी ओळखला होता. या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक पत्र मला तेच वाटते.

संस्थेच्या नावात 'रिलीफ'च्या पुढे 'वर्क्स' आहे, त्याची हकीकत थोडक्यात अशी. राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये ज्यू अतिरेक्यांनी हत्या केली. त्यानंतर ११ डिसेंबरला आमसभेने ठराव १९४ केला. ज्यांना शांततेने घरी परतायचे आहे त्यांना परतू द्यावे, ज्यांना परतायचे नाही त्यांना भरपाई द्यावी, असे त्यात म्हटले होते. ते घडेना, तेव्हा अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्रकल्पाचे गॉर्डन क्लॅप यांच्या नेतृत्वाखाली एक पाहणी पथक पाठवले गेले. त्यांचा सल्ला असा की निर्वासितांना फुकट शिधा देण्याऐवजी रस्ते, बंधारे, वनीकरण अशी कामे द्यावीत. ८ डिसेंबर १९४९ च्या ठरावाने वकाला जन्मली ती या कल्पनेतून. निर्वासितांना त्यात वेगळाच वास आला: इथे कामाला लागलो की इथलेच झालो, मग गाव कुठले? मोठ्या प्रकल्पांची योजना काही वर्षांतच बारगळली. नावात 'वर्क्स' तेवढा उरला.

मदत चालू राहिली. पीठ, डाळ, साखर, तांदूळ, तेल; लहानांना दूध. तंबूंच्या जागी हळूहळू विटांच्या, सिमेंटच्या खोल्या आल्या. आणि प्रत्येक कुटुंबाच्या हाती आली शिधापत्रिका. निर्वासित कोण, याची संस्थेने व्याख्या ठरवली: १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात ज्याचे नेहमीचे राहणे पॅलेस्टाईनमध्ये होते आणि १९४८ च्या संघर्षात ज्याचे घर आणि उपजीविका दोन्ही गेली, तो. पुरुषांच्या वंशजांचीही नोंद होत राहिली. त्यामुळे सुरुवातीची साडेसात लाख नावे आज ५९ लाखांच्या घरात आहेत. सरसकट शिधावाटप १९८२ साली थांबले, फक्त अतिगरीब कुटुंबांपुरते राहिले. पण कार्ड कुणी फेकून दिले नाही. त्यावर कुटुंबाचे मूळ गाव लिहिलेले असते. ज्या गावांची घरे पाडली गेली, नावे बदलली, नकाशावरून पुसली गेली, त्यांचा एक सरकारी पुरावा म्हणजे हे पिठाचे कार्ड. आपल्याकडे धरणाखाली गाव गेलेल्या माणसाला सातबाऱ्याचा जुना उतारा जसा जपून ठेवावासा वाटतो, तशी ही गोष्ट आहे.

पण वकाला ही शिधा देणारी संस्था आहे, असे समजून कोणी हा लेख मिटला तर त्याने खरी संस्था पाहिलीच नाही. ती मुळात शाळा आहे. तिच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा शिक्षणावर जातो. २०२३ च्या युद्धाआधी जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, वेस्ट बँक आणि गाझा मिळून तिच्या सातशेहून अधिक शाळांत पाच लाखांहून अधिक मुले-मुली शिकत होती. सुमारे तीस हजार कर्मचारी, आणि त्यांतले बहुतेक स्वतः निर्वासित. मदत देणारा आणि घेणारा एकाच गल्लीत राहतो, एकाच नळावर पाणी भरतो. अशी रचना मला दुसऱ्या कुठल्या आंतरराष्ट्रीय संस्थेत दिसलेली नाही.

पुण्याच्या माणसाला शाळेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. ज्यांच्याकडून सगळे काढून घेतले आहे त्यांच्या हाती पहिल्यांदा काय द्यायचे, याचे उत्तर या शहराने तेव्हाच दिले होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ च्या हिवाळ्यात, तंबूत राहणारे पॅलेस्टिनी आईबाप मुलांना वाळूत बसवून अक्षरे गिरवायला लावत होते. जमीन गेली, दुकान गेले. आता जी वस्तू सीमेवर कुणी हिसकावून घेऊ शकत नाही ती म्हणजे शिकलेले डोके, हा हिशेब त्यांचा त्यांनीच केला. वकालाने त्या हट्टाला फळा आणि पगार दिला. १९५१ पासून युनेस्को तिच्या शिक्षणकार्यात भागीदार झाली. १९५३ साली जेरुसलेमजवळ कलंदिया इथे धंदेशिक्षणाचे केंद्र निघाले. १९६२ साली रामल्लाला मुलींसाठी निवासी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, त्यातून शिक्षिका तयार होऊन छावण्यांत परतल्या. वकालाच्या शाळांतली मुलींची संख्या १९६० च्या दशकातच मुलांच्या बरोबरीला आली. त्या काळात त्या प्रदेशात, आणि आपल्याही खेड्यांत, ही गोष्ट सोपी नव्हती.

जागा अपुरी, म्हणून बहुतेक इमारतींत दोन पाळ्या. सकाळी एक शाळा, दुपारी त्याच बाकांवर दुसरी. ही व्यवस्था पुण्यातल्या कितीतरी पिढ्यांना तोंडपाठ आहे. याच शाळांत दमास्कसमध्ये एक तरुण शिक्षक होता, घस्सान कनफानी. छावणीतल्या मुलांना शिकवता शिकवता तो लिहू लागला आणि अरबी साहित्यातला मोठा कथाकार झाला. बेथलेहेमजवळच्या धैशे छावणीत वाढलेल्या हनान अल-हरूब यांना २०१६ साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. गोळीबार पाहिलेली, भेदरलेली मुले खेळातून पुन्हा कशी शिकू लागतात, ही त्यांची विद्या. चार वर्षांनी, २०२० मध्ये, तोच पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना मिळाला आणि आपण सगळे आनंदलो. त्यांच्या 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' या उपक्रमात भांडणाऱ्या देशांतली मुले एकमेकांशी इंटरनेटवरून बोलायची: भारत आणि पाकिस्तानची, तशीच पॅलेस्टाईन आणि इस्रायलचीही. माढा तालुक्यातला एक शिक्षक हे करू शकला, हे मला मोलाचे वाटते.

वकाला एकटी नव्हती. तिच्या बाजूने, कधी तिच्या आधी, पॅलेस्टिनी माणसांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्था होत्या आणि त्यांतली एक मी पुणेकर वाचकापुढे मुद्दाम ठेवतो. एप्रिल १९४८. ९ तारखेला जेरुसलेमजवळच्या देर यासिन गावात हत्याकांड झाले, शंभराहून अधिक माणसे मारली गेली. काही दिवसांनी जुन्या शहरात, पवित्र कबरीच्या चर्चजवळ, हिंद अल-हुसैनी या तरुण बाईंना रस्त्यावर पंचावन्न मुले दिसली. देर यासिनची अनाथ मुले होती ती. बाईंच्या जवळ होते १३८ पॅलेस्टिनी पौंड. घराणे मोठे, प्रतिष्ठित. पण शहरात गोळीबार चालू होता आणि पुढे काय होईल कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी मुलांना दोन खोल्यांत नेले. नंतर शेख जर्राह भागातला आजोबांचा १८९१ साली बांधलेला वाडा त्यांनी या मुलांना दिला आणि त्याचे नाव ठेवले 'दार अल-तिफ्ल अल-अरबी', म्हणजे अरब बालकांचे घर. पंचावन्न मुलांची संख्या शेकड्यांत गेली, शाळा निघाली, १९८२ साली मुलींचे महाविद्यालय निघाले. हिंदबाईंनी लग्न केले नाही. १९९४ साली त्या गेल्या, तोवर दुसरा संसार त्यांनी मांडलाच नाही.

ही हकीकत वाचताना मला हिंगण्याची झोपडी दिसते. अण्णा कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला नेला आणि रोज पायी शहरातून जा-ये केली. ज्या १९१६ साली अण्णांचे महिला विद्यापीठ निघाले, त्याच साली हिंद अल-हुसैनी जन्मल्या. एकीला दुसऱ्याचे नाव कधी कळले असेल असे नाही. पण निराधार मुलीला आधी छप्पर, मग पाटी, मग पदवी, हा क्रम दोघांनी आपापल्या गावात स्वतंत्रपणे शोधला. हिंदबाईंच्या आश्रमात वाढलेल्या रुला जेब्रिअल यांनी पुढे 'मिराल' ही कादंबरी लिहिली. २०१० मध्ये तिच्यावर चित्रपट आला, तेव्हा मिरालची भूमिका मुंबईच्या फ्रिडा पिंटो हिने केली.

तशाच समीहा खलील. रामल्लाशेजारच्या अल-बिरा इथे त्यांनी १९६५ साली 'इनआश अल-उस्रा', म्हणजे कुटुंबाला उभारी देणारी संस्था, काढली. भरतकाम, शिवण, साक्षरता, पाळणाघर. आपल्या रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात वाढलेल्या वाचकाला या संस्थेची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. १९९६ च्या पॅलेस्टिनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत यासर अराफत यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या त्या एकमेव उमेदवार होत्या. वर सांगितलेल्या हनानबाई ज्या शाळेत शिकवत, तिला समीहा खलील यांचेच नाव आहे.

मधली वर्षे मी भराभर सांगतो, कारण ती एकसारखीच आहेत. १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले, आणखी लाखो लोक उठले, नव्या दहा छावण्या वसल्या. १९५६ पासून गाझात राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत आपले भारतीय जवान होते, १९६० साली पंडित नेहरू त्यांना भेटायला गाझाला गेले होते. १९६७ च्या त्या युद्धात त्यांतले काही जवान मृत्युमुखी पडले. १९८२ साली बैरुतच्या साब्रा आणि शतिला इथे कत्तल झाली. ती पाहिलेल्या डॉक्टर आणि परिचारिकांनी ब्रिटनमध्ये 'मेडिकल एड फॉर पॅलेस्टिनियन्स' ही संस्था काढली. वकालाचे मुख्यालय बैरुतहून व्हिएन्नाला गेले आणि १९९६ मध्ये गाझाला आले. २००७ साली लेबनॉनचे सैन्य आणि एका सशस्त्र गटाच्या लढाईत नहर अल-बारिद छावणी जमीनदोस्त झाली. सीरियाच्या यादवीत दमास्कसच्या यरमूक छावणीला वेढा पडला, लोक उपाशी राहिले. आज मान्यताप्राप्त छावण्या ५८ आहेत. २००९ साली युनेस्कोने वकालाचा छायाचित्रांचा आणि चित्रफितींचा संग्रह 'जागतिक स्मृती'च्या नोंदवहीत घेतला. आणि २०११ च्या जुलैत, वकालाच्या उन्हाळी शिबिरात, गाझाच्या समुद्रकिनाऱ्यावर मुलांनी एकाच वेळी बारा हजारांहून अधिक पतंग उडवून जागतिक विक्रम केला. संक्रांतीला गच्चीवर चढणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

पैशाचे सांगायला हवे. वकालाला राष्ट्रसंघाच्या नियमित अंदाजपत्रकातून मिळते ते अगदी थोडे. बाकी सगळे देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर. म्हणजे दर वर्षी झोळी घेऊन फिरणे. कित्येक वर्षे सर्वांत मोठी देणगीदार होती अमेरिका. २०१८ साली तिने हात आखडला आणि ऑगस्टमध्ये देणगी पूर्ण थांबवली. २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली. त्याच २०१८ साली भारताने आपली वार्षिक देणगी वाढवून ५० लाख डॉलर केली आणि ती पुढेही चालू ठेवली. २०२४ मध्ये, अनेक देश मागे सरले असतानाही, भारताने ही रक्कम दिली. भारत आणि इस्रायलचे संबंध घट्ट झालेले असताना हे घडले, म्हणून त्याची नोंद या स्मरणिकेत हवी.

संस्थेवरचे आरोप टाळून इतिहास लिहिणे मला मान्य नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेले. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलने सांगितले की वकालाचे बारा कर्मचारी त्या हल्ल्यात सामील होते. सोळा देणगीदारांनी पैसे थांबवले. राष्ट्रसंघाच्या चौकशीत नऊ जणांचा सहभाग असू शकतो असे निघाले, त्यांना नोकरीतून काढण्यात आले. फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कॅथरिन कोलोना यांच्या समितीने एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला: तटस्थता राखण्याची व्यवस्था वकालाकडे इतर तत्सम संस्थांपेक्षा भक्कम आहे, तरी पाठ्यपुस्तके, कर्मचाऱ्यांची समाजमाध्यमांवरची मते आणि त्यांच्या संघटनांमधले राजकारण यांत दोष आहेत, ते सुधारावेत. ज्यांनी निष्पाप माणसांना मारले त्यांना क्षमा नाही, ते वकालाच्या पगारावर असले तर अधिकच नाही. पण गाझात वकालाचे तेरा हजार कर्मचारी होते. नऊ जणांच्या पापासाठी तेरा हजारांचे काम थांबवणे, म्हणजे त्या कामावर जगणाऱ्या मुलांनाच शिक्षा देणे. बहुतेक देणगीदार काही महिन्यांत परतले, याचा अर्थ त्यांनाही ते पटले. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी इस्रायलच्या संसदेने वकालाला आपल्या हद्दीत बंदी घालणारे आणि तिच्याशी संपर्क तोडणारे कायदे केले. ते ३० जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

हमासच्या हल्ल्यानंतरच्या युद्धात गाझातल्या शाळा शाळा राहिल्या नाहीत. युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत दहा लाखांहून अधिक माणसे वकालाच्या इमारतींत आसऱ्याला आली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पुण्यातल्या शाळांच्या वर्गांत पूरग्रस्तांनी पथाऱ्या टाकल्या होत्या, ते जुन्या पुणेकरांना आठवत असेल. काही आठवड्यांनी ते वर्ग रिकामे झाले आणि घंटा वाजली. गाझात तशी घंटा वाजली नाही. त्या शाळांवरही बॉम्ब पडले. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे मे २०२५ पर्यंत ५२ हजारांहून अधिक माणसे मारली गेली. वकालाचे अडीचशेहून अधिक कर्मचारी त्यांत आहेत. राष्ट्रसंघाच्या इतिहासात एका संघर्षात इतके कर्मचारी कधीच गेले नव्हते.

आणि तरी ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओ झाल्याचे कळले, गाझात पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, तेव्हा सप्टेंबरच्या पहिल्या बारा दिवसांत सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना डोस पाजले गेले. त्यात वकालाच्या परिचारिका जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि युनिसेफच्या बरोबरीने होत्या. स्वतःचे घर पडलेली परिचारिका निळे जॅकेट घालून तंबूतंबूंत फिरते, बाळाच्या करंगळीवर शाईची खूण करते. ज्या संस्थेला आठ महिन्यांत आवरायला सांगितले होते, तिचे पंच्याहत्तराव्या वर्षातले हे काम आहे.

शेवटी पुण्याकडे येतो. या शहराचे सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय पश्चिम आशियातून परागंदा होऊन आलेल्या एका माणसाच्या देणगीतून उभे राहिले. डेव्हिड ससून बगदादचे ज्यू. तिथल्या सुभेदाराच्या छळातून निसटून ते मुंबईला आले आणि १८६४ साली पुण्यात वारले. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. एका निर्वासिताचे ऋण आपण दीडशेहून अधिक वर्षे अंगावर वागवतो आहोत.

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना प्रा. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिले की कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या देशाची एक मुलगी खिडकीतून जेवण देते आहे. परक्या देशातल्या मुलाच्या एकटेपणाने ते हलले आणि १९७१ साली 'सिंबायोसिस' उभी राहिली. आज पुण्याच्या महाविद्यालयांत पॅलेस्टिनी मुले-मुलीही शिकतात. त्यांच्यातल्या काहींचे आईवडील तंबूत आहेत, काहींना घरून पैसे येणे थांबले आहे, काहींचा घरच्यांशी फोन आठवडेच्या आठवडे लागत नाही. वाचकहो, आपल्या सोसायटीत, आपल्या वर्गात, आपल्या खानावळीत असे कोणी असेल तर त्याची चौकशी करा. फीची मुदत वाढवून देता येत असेल तर द्या, महिन्याच्या डब्याचे पैसे भरता येत असतील तर भरा, आणि दिवाळीच्या फराळाला त्याला घरी बोलवा.